बुडताना हाक निघत नाही

गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलं. माझं माहेर उंब्रजचं. नदी जवळ असूनही आमच्याकडे पोरींना पाण्यात उतरू दिलं नाही, त्यामुळे पोहायला शिकायची वेळ चाळिशीनंतर, सांगलीत आली. एका खासगी तलावावर दुपारी बायकांची बॅच असायची. सोबतीला माझी धाकटी जाऊ यायची. ती पाण्यात कमी आणि काठावर मोबाईल घेऊन जास्त.

तिथली गार्ड तासगावकडची. तिशीतली, अंगानं दणकट, गळ्यात शिट्टी आणि तोंड फाटकं. खोल बाजूला जाऊ नये म्हणून मध्ये दोरी बांधलेली असायची. तिच्यापलीकडे कुणी सरकलं की आधी शिट्टी, मग शिव्या. एकीला तिनं सगळ्यांसमोर म्हस म्हटलं होतं. मला गुडघेवाली म्हणायची. ती कुणालाच आवडत नव्हती, मलाही नाही. बायकांनी मालकाकडे कुरकुर केली, की ही सारखी टक लावून बघत बसते, मोकळेपणानं पाण्यात उतरता येत नाही. मालकाला गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं. मे महिन्याची गर्दी सुरू झाली तसं त्यानं तिला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. तिच्या जागी कुणी आलं नाही. बायका खूश झाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दोरी धरून चालताना माझा पाय बुळबुळीत फरशीवरून घसरला. तळाला उतार होता. दोरी सुटली आणि मी पलीकडे गेले. पाय टेकायला गेले तर खाली काही नव्हतंच.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, असं मला वाटायचं. मला त्यातलं काहीच जमलं नाही. तोंड जेमतेम वर यायचं, श्वास अर्धा आत जायचा, की पुन्हा पाणी. ओरडायला छातीत हवाच नव्हती. हात वर करावा म्हटलं तर हात माझं ऐकेनात. दोन्ही बाजूंनी ते नुसते पाणी खाली दाबत राहिले. केस डोळ्यांवर आले, तेही सारता येईनात. काठावर बायका कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या जेवणाची चेष्टा करत होत्या. मधूनमधून मला ते ऐकू येत होतं. जाऊ अगदी समोर होती. तिनं हात पुढे केला असता तर मला धरता आलं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली आणि मोबाईल वर धरला.

"अक्का, जमलं की तुमास्नी. जरा हिकडं बघा."

मी खाली गेले.

वेळ संपल्याचं सांगायला गार्ड आत आली होती, असं मला मागाहून कळलं. दारातूनच तिनं ओळखलं आणि अंगावरच्या पंजाबी ड्रेससकट उडी टाकली. मला केसांना धरून ओढत आणलं आणि काठावर कुशीवर निजवलं. मी ओकले, खोकले, रडायला लागले. ती माझ्यावर वाकली.

"मेली असतीस तर माझ्या गळ्यात आली असतीस," ती म्हणाली.

मला लगेच दवाखान्यात न्यायला तिनंच लावलं. आम्ही निघालो तेव्हा एक बाई मालकाला विचारत होती, बाहेरच्या कपड्यांनी पाण्यात उतरलेलं कसं चालतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर जावेनं तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. त्यात मी मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून पाण्यात उभी असल्यासारखी दिसते. पाणीसुद्धा फारसं उडत नाही. दीर हसले. सासूबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला.

"ह्येच्यात बुडल्यासारखं काय हाय?" त्या म्हणाल्या.

आमचे हे फौजेत, तेव्हा जम्मूकडे होते. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की तू हाक का मारली नाहीस.

मालकानं गार्डला काढून टाकलं. तिच्या आरडाओरड्यानं गिऱ्हाईक घाबरलं, असं त्याचं म्हणणं. तिला परत घ्या म्हणून सांगायला मी गेले, तर त्यानं थंड पेय मागवलं आणि समजावलं, की मॅडम, सीझन आहे, झालेलं बाहेर बोलू नका.

शेवटी साडी घेऊन मी तासगावला गेले. ती एका बेदाण्याच्या शेडमध्ये माल निवडत होती. मला बघून उठली नाही. साडीकडे बघून म्हणाली, नको. तिला कसं कळलं, एवढं तरी मला विचारायचं होतं.

"केस डोळ्यावर आल्यालं आन् तुमी सारत नव्हता," ती म्हणाली. "वरडणाऱ्याला दम असतोय. गप झाल्यालं माणूस बघावं लागतंय."

मी मालकाकडे जाऊन आल्याचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"पुन्यांदा पाण्यात जाऊ नगा. आता तितं कोन न्हाई. आन् तुमच्या घरच्यास्नी तर दिसत बी न्हाई."

साडी मी परत आणली. महिन्याभरात जावेच्या माहेरी लग्न होतं. तिनं ती मागून घेतली आणि नेसली. तिला ती छान दिसत होती.