चांगल्या नळीचा तुकडा

मुलांनो, प्लास्टिक आतून कसे तडकते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे एक संशोधक मे महिन्यात सौंसरच्या आपल्या बागेत आले होते. नाव सांगण्याइतकी सवड त्यांना नव्हती. ठिबकच्या फुटक्या नळीचा तुकडा त्यांनी चिमट्याने पाकिटात ठेवला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात वेळ लिहिली. मग संत्र्याच्या नव्या कलमांना पाणी देणारी चालू नळीही कापली.

"अहो साहेब, चांगली काऊन कापून राहिले? कलमं जळतीन ना!" बाग सांभाळणारी शांताबाई ओरडली.

"तुलनेला चांगला नमुनाही लागतो," असे म्हणून त्यांनी खाटेवर सूक्ष्मदर्शक मांडला आणि डोळा लावला. शेजारी शांताबाई नळीचे तोंड अंगठ्याने दाबून उभी.

बऱ्याच वेळाने ते तिच्याशी बोलले. "बाई, जरा सरका. तुमची सावली पडते."