टाको नसलेला टाको

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काही केलं असेल तर झिंगे सोलले. रविवार होता. दारात पाटावर बसलो, मधे परात. मी डोकी मोडायची आणि तिने पाठ चिरून आतला काळा दोरा काढायचा, अशी आमची वाटणी. मी डोकं मोडलं की निम्मं मांस डोक्याबरोबर जायचं. ती म्हणाली, "तुम्हले डोकं बी धड मोडता येस नही. मालकनी तुम्हले पगार तरी कसाना दिना?" मी म्हणालो, मालक मला कापडाचे लूम चालवायचा पगार देत होता, झिंग्याचा नाही. ती हसली नाही. माझ्या विनोदाला ती सहसा हसायची नाही. मांजर डोक्यांवर टपून बसलं होतं, त्याला तिने चप्पल दाखवली. रात्री जेवलो. मीठ थोडं जास्त पडलं होतं, ते मी सांगितलं, आणि तिने सांगितलं की उद्या स्वतः करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा ठेवते म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

रडण्याचं मी इथे सांगणार नाही. ते ज्याचं त्याने करावं. मला सांगायचंय ते पुढचं.

मुलगा तापीच्या पलीकडे राहतो, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. सून एका दवाखान्यात कागदपत्रं बघते. सगळे विधी आटोपल्यावर मुलगा म्हणाला, "आप्पा, आता लिंबायतची खोली बंद करू. तुम्ही आमच्याकडे चला." मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्याच्या आईला कळायचं, त्याला कळत नाही. त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळे हळू बोलतात. मी लूमवर जन्म घालवलेला माणूस, मला हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि हळू बोलता येत नाही. मागे एकदा तिथे लिफ्टमध्ये मी एका बाईला "कितवा माळा?" विचारलं तर ती दचकून भिंतीला चिकटली. आणि खरी गोष्ट अशी की तिकडे मी कोणाचा तरी बाप आहे. इथे गल्लीत मी अजून तिचा नवरा आहे. ते सोडून मला कुठे जायचं नव्हतं.

पण माझी बाजू कच्ची होती. एका संध्याकाळी मुलगा न सांगता आला आणि मी शेव-मुरमुऱ्यावर चहा ओतून खाताना सापडलो. गॅसवर धूळ होती. त्याने गॅसवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. डॉक्टर जसा एक्स-रे दाखवतो तसं.

"हे असं चालणार नाही आप्पा. महिनाअखेर तुम्ही आमच्याकडे."

मी म्हणालो, "मला रांधता येतं."

"काय येतं?"

"सगळं."

हे मी का बोललो ते मला अजून कळलेलं नाही. सून दारात चपला घालत होती, ती थांबली. ती कमी बोलते पण नेमकं बोलते. म्हणाली, "मग एक दिवस आप्पांनी आपल्या हाताने रांधावं. आपण तिघं येऊ. पोटभर जेवलो तर आप्पा इथेच राहतील. नाही जेवलो तर आप्पा सामान बांधतील."

मुलाने मान डोलावली. मीही डोलावली. करायचं काय ते नातीवर सोडलं. नात दहा वर्षांची, घरात आमच्याशी मराठी, बाहेर गुजराती, आणि रागावली की हिंदी, घाईत तिन्ही एकदम. आजोबाला ती गुजराती पोरांसारखं दादा म्हणते. म्हणाली, "दादा, झिंगा टाको बाऊल!"

"ते काय असतं?"

"मम्मी बनवते ना, दवाखान्यातून लेट आली की. पंधरा मिनिटांत होतं."

"टाको म्हणजे?"

"वाकवलेला पापड. त्याच्यात सगळं भरायचं."

"आणि बाऊल?"

"बाऊलमध्ये पापड नसतो. वाडग्यात भात, वरून सगळं."

म्हणजे टाको नसलेला टाको. मी म्हणालो, ठीक आहे, जे नसतंच ते बिघडणार कसं.

वार बुधवार ठरवला. आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. खायला राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बुधवार सगळ्यात जवळचा. मला परीक्षा लांबवायची नव्हती.

मला वाचायला वेळ लागतो हे सुनेला माहीत आहे, म्हणून तिने कृती लिहून न देता फोनवर बोलून पाठवली. ती मी इतक्या वेळा लावली, आणि इतक्या मोठ्या आवाजात, की गल्लीतल्या बायकांची पाठ झाली असेल. "आप्पा, भाताला लिंबू आणि कोथिंबीर. राजमा उकडून. मक्याचे दाणे. झिंग्याला तिखट, जिरं, लसूण लावून मोठ्या आचेवर दोनच मिनिटं. कांदा, टमाटा, कैरी बारीक चिरून. वरून दही. जमलं तर एवाकाडो."

एवाकाडो मी भाजीवाल्याकडे मागितला. तो म्हणाला, "दादा, वो इधर लिंबायत में नहीं चलता." मी विचारलं, दिसतो कसा? म्हणाला, हिरवा असतो, आत लोण्यासारखा, चव काही नाही. चव नसलेल्या वस्तूसाठी मी नदी ओलांडणार नव्हतो.

मासळीवाली ओळखीची. इतकी वर्षं हिच्याकडून झिंगे बायकोच घ्यायची, मी पिशवी धरून मागे. मला एकट्याला बघून ती टोपलीवरचं ओलं पोतं बाजूला करून म्हणाली, "काका, छोलीने आपुं?"

सोलून दिले असते तर माझं निम्मं काम वाचलं असतं. पण तो लबाडीचा पेपर झाला असता. मी म्हणालो, "ना, मारे जाते करवानुं छे." सगळं मलाच करायचं होतं.

"आज ज बनावशो?" तिने विचारलं.

"आज ज."

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि झिंगे तोलले.

घरी आलो तो सकाळ संपली नव्हती. सुनेला फोन केला, राजमा किती शिट्ट्या? ती सांगताना अडखळली. "आप्पा... झिंगे आणले का तुम्ही?" मी म्हणालो, आणलेसुद्धा, एकदम ताजे. "बरं," म्हणाली. पुन्हा फोन केला, मक्याचे दाणे कणसाचे की डब्यातले? पुन्हा केला, दह्यात लसूण घालू का? तिने तिन्ही वेळा उत्तर दिलं आणि तिन्ही वेळा पुढे काहीतरी बोलायचं ठेवून दिलं. मला वाटलं, दवाखान्यात गर्दी असेल.

डोकी मोडायला बसलो. काळा दोरा काढायचा कसा ते आता मलाच शिकायचं होतं. लूमवर हजारो तारांत तुटलेला एक तार मी नुसत्या बोटाने शोधायचो, आणि इथे झिंग्याच्या पाठीत एकच दोरा, तोही मधेच तुटायचा. कितीतरी वेळ गेला. पंधरा मिनिटांचा पदार्थ मी सकाळी धरला होता आणि दुपारच्या चहापर्यंत माझे फक्त झिंगे नागडे झाले होते.

लसूण-तिखटाचा वास सुटला तशी शेजारची मावशी दारात आली. आमच्याच खान्देशातली, माझ्या बायकोची रोजची जोडीदार. "काय भाऊ, हाऊ कसाना वास शे?"

"झिंगा. मुलगा-सून येतायत. मीच रांधतोय."

ती म्हणाली, "आज?"

"आज नाही तर कधी?"

तिने पदर नाकाला लावला आणि निघून गेली. मला वाटलं, पुरुषमाणूस रांधतोय म्हणून तिला जड गेलं.

मग वाडग्यांचा प्रश्न आला. घरात ताटं, वाट्या, पातेली, सगळं आहे, पण बाऊल म्हणावं असं काही नाही. कपाटाच्या वर खोकं होतं. उत्तरकार्याला आलेल्यांना वाटायला स्टीलचे वाडगे घेतले होते, त्यातले उरलेले. कडेला तिचं नाव कोरलेलं आणि पुढे "स्मरणार्थ". मी चार काढले. धुतले. वाडगा जेवायलाच असतो.

संध्याकाळी तिघं आली. मी वाडगे लावून तयार. खाली लिंबू-कोथिंबिरीचा भात, एका बाजूला राजमा, एका बाजूला मका, कांदा-टमाटा-कैरी, वरून दही, त्यात लसूण, आणि मधोमध झिंगे. टाको नाही म्हणतात तरी मी उडदाचा पापड भाजून चुरला होता. दिसायला एकदम झकास.

मुलाने वाडगा हातात घेतला, कडेचं नाव वाचलं. "आप्पा, हे वाडगे..."

"चांगल्या जाडीचे आहेत," मी म्हणालो.

तो नाव वाचत राहिला. जेवेना. सूनही वाडगा हातात धरून नुसती बसलेली. नातीने मात्र दोन झिंगे तोंडात टाकले आणि चावता चावता म्हणाली, "मम्मी तो आज नहीं खाएगी. आज चोथ छे."

सुनेने तिला डोळे दाखवले, पण उशीर झाला होता. संकष्टी. बुधवार बरोबर होता, पण बुधवारावर चतुर्थी येऊन बसली होती. सुनेचा उपास, आणि मुलगा उपास करत नसला तरी त्या दिवशी मासळीला शिवत नाही.

"तुला माहीत होतं?" मी सुनेला विचारलं.

"सकाळी कळलं. तुम्ही फोनवर झिंगे ताजे आहेत म्हणालात आप्पा. मग मला सांगवेना."

मासळीवालीचं बघणं आणि मावशीचं "आज?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. सगळ्या लिंबायतला माहीत होतं, एक मी सोडून.

मुलगा बोलला ते रागाने नाही बोलला, म्हणून जास्त लागलं. "आप्पा, आज काय आहे हेसुद्धा तुम्हाला माहीत नसतं. एकटे कसे राहणार?"

मी म्हणालो, "वार मला माहीत होता. तिथी तुझ्या आईकडे असायची. मी कधी विचारलंच नाही आज काय म्हणून. ताटात मासळी आली की समजायचं आज चालतं. साबुदाणा आला की समजायचं नाही चालत. माझं सगळं पंचांग ताटात यायचं रे. आता ताटात मुरमुरे येतात, त्यावरून काय समजू?"

नात अजून चावत होती. मग तीच म्हणाली, "दादा, झिंगा मस्त छे. मम्मीपेक्षा मस्त. पण राजमा कच्चा आहे. दगड."

"भिजवला होता का आप्पा?" सुनेने विचारलं.

"भिजवायचं तू फोनवर बोलली नव्हतीस."

ती हसायला लागली. उपाशी बाई इतकी हसलेली मी पाहिली नाही. मुलगाही हसला, आणि हसता हसता डोळे पुसले त्याने. मी दुसरीकडे बघितलं.

पण माझ्या घरातून कोणी उपाशी जाणार नाही, हे मी सांगून टाकलं. चंद्र निघेपर्यंत थांबा. गच्चीवर गेलो. ढग होते, चंद्र काही लवकर दिसेना, नात दर मिनिटाला पाण्याच्या टाकीवरच्या बल्बला चंद्र ठरवत होती. शेवटी निघाला. खाली आलो तर आता देऊ काय? झिंगे चालत नाहीत. उपास सोडताना कांदा चालत नाही. दह्यात लसूण. राजमा तर कोणत्याच दिवशी चालण्यासारखा नव्हता. टाको आधीच नव्हता, आता झिंगा गेला, कांदा गेला, लसूण गेला. पातेल्यात उरला तो भात, फ्रिजमध्ये उरलं तेवढं साधं दही, आणि मक्याचे दाणे. तेच वाडग्यांत भरलं. मुलाने दोनदा मागून घेतलं.

निघताना मी विचारलं, "मग माझं काय ठरलं? पोटभर जेवलात ना?"

मुलगा म्हणाला, "दहीभात जेवलो आप्पा. तो धरत नाहीत."

सून म्हणाली, "निकाल राखून ठेवलाय. शुक्रवारी फेरपरीक्षा. तोवर सामान बांधायचं नाही."

"आणि शुक्रवारी पुन्हा काही निघालं तर?" मुलगा जिन्यावरून म्हणाला. "बघून ठेवा हो आप्पा."

सकाळी उठलो तो तोंड न धुता मावशीच्या दारात. ती अंगण झाडत होती. म्हणाली, "मी बोलनू ना भाऊ, 'आज?' म्हणून." मी म्हणालो, एका शब्दात मला कळत नाही, मला ओरडून सांगत जा. मग तिला तिथेच उभी करून पुढचे सगळे दिवस म्हणवून घेतले, अमावस्येपर्यंत, आणि परत म्हणून दाखवले. एके ठिकाणी चुकलो, ते तिने झाडूच्या मुठीने सुधारलं.

घरी येऊन मुलाला फोन लावला. म्हणालो, "लिहून घे. आज गुरुवार, वद्य पंचमी. उद्या शुक्रवार, षष्ठी, काही नाही, झिंगा चालतो. परवा शनिवार, चालत नाही. एकादशी..."

"आप्पा, अजून उजाडलंसुद्धा नाही."

"तिथीला उजाडायची गरज नाही. एकादशी बुधवारी."

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. सून होती, झोपेतली. "आप्पा, राजमा आज रात्री भिजत घाला हं. रात्रभर."

बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि रात्रीची कोण वाट बघतो म्हणून राजमा तेव्हाच पाण्यात टाकला.