विहीणबाईंचं कार्ड

माझे व्याही यमाच्या दारात उभे राहिले तरी आधी विचारतील, "मेन स्विच बंद केला का?" नियमाला असा घोरपडीसारखा चिकटलेला माणूस मी एकाही बंदरात पाहिला नाही, आणि बंदरं मी पुष्कळ पाहिली. ते जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर, मी त्याच जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन, यंत्रांना तेल घालणारा. माझी शाळा म्हणाल तर चौथी. पण त्यांची मुलगी माझी सून झाली, आणि साहेबांना मला 'व्याहीबुवा' म्हणावं लागलं. मीही ठरवलं, आता यांच्या कामावर उजेडासाठी बॅटरी धरून उभा राहणार नाही.

घरातला साधा बल्ब बदलायचा तरी यांची तयारी आगबोट सुटल्यासारखी. पायात रबरी चपला, मेन बंद, आणि स्विचवर दोऱ्याने बांधलेलं लाल कार्ड: 'काम चालू. हात लावू नये.' ही जहाजाची रीत. ज्याने कार्ड लावलं त्यानेच ते काढायचं, कप्तानानेसुद्धा बोट लावायचं नाही, कारण पलीकडे कुणाचा तरी हात तारेवर असतो. एकदा मिक्सरवर कार्ड लटकावून हे केस कापायला गेले. विहीणबाई दोन तास खोबरं घेऊन बसल्या. त्या दिवशी चटणी झाली नाही, पण त्या बाईला कार्डाची ताकद कळली.

मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळ्या घराला मिळून एकच एसी, आणि हॉलच्या भिंतीवर त्याचा गारवा ठरवणारा थर्मोस्टॅट. साहेबांना हवं वीस अंश, विहीणबाईंना सत्तावीस. वर्षानुवर्षं तेच भांडण. मग एके दिवशी चार वाजता चहा झाल्यावर विहीणबाईंनी सत्तावीस केलं आणि थर्मोस्टॅटला स्वतःच्या अक्षरातलं लाल कार्ड बांधलं. झालं! साहेब घामाने निथळत बसले, पण हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनीच दया येऊन वीस केलं. चारला पुन्हा सत्तावीस. कार्ड मात्र तिथेच.

गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या. कार्ड राहिलं. आणि चार वाजता टक्‌ असा आवाज होऊन आकडा आपोआप सत्तावीसवर जायचा, तो सकाळी पुन्हा वीसवर.

मी म्हटलं, "टायमर लावला असेल त्यांनी."

"व्याहीबुवा, यात टायमर नाही," ते म्हणाले. "मीच बसवलाय."

मी स्वतः पाहिलं. भूतबीत मी मानत नाही, पण माझा चहा कपातच राहिला.

चारनंतरच्या उकाड्यात दारं-खिडक्या लावून बसलेले व्याही एकदा सुनेला बेशुद्ध सापडले. ती म्हणाली, "बाबा, आठ दिवसांत हे यंत्र बदला, नाहीतर फ्लॅट सोडून आमच्याकडे आंग मो किओला चला." फ्लॅट सोडायचा म्हणजे विहीणबाईंचं घर सोडायचं. तरी त्यांनी तीन मेकॅनिक दारातून परत पाठवले. शेवटचा बिचारा इथल्या इंग्रजीत म्हणाला, "अंकल, कार्ड ओन्ली, कॅन रिमूव्ह लाह!" त्याला यांनी लिफ्टपर्यंत नियम समजावला.

आठव्या दिवशी नवा थर्मोस्टॅट घेऊन मीच गेलो. मेन बंद केला. त्यांनी टेस्टर लावून पाहिला, मग पुन्हा पाहिला. वीज तोडायला कार्ड आड येत नाही, असं म्हणत जुन्या थर्मोस्टॅटमधले दोन सेल काढून बशीत ठेवले. प्रत्येक तारेला मी दोऱ्याची गाठ मारली, पहिलीला एक, दुसरीला दोन, कारण साहेबांचा तारांच्या रंगांवर विश्वास नाही. आता फक्त तारा सोडवायच्या. पण वर कार्ड.

"मी काढतो," मी म्हणालो. "पाप माझ्या माथी."

"हात लावू नका. तिचं काम चालू आहे."

"साहेब, त्या गेल्या!"

"मला सांगून गेली नाही."

चार वाजायला आले होते. पंखाही बंद, घरात इतकी शांतता की खालच्या पोहण्याच्या तलावावरची पोरं ऐकू येत होती. व्याही भिंतीपाशी गेले आणि बायकोला चहा विचारावा तसं हळू म्हणाले, "अगं, झालं का तुझं काम? काढू का?"

टक्‌.

मेन बंद. सेल बशीत, मी मोजले, दोन्ही होते. सेलशिवाय यंत्र चालत नाही एवढं चौथीतल्यालाही कळतं. पण थर्मोस्टॅटची काच उजळली, आणि आकडा सत्तावीस नव्हता. वीस होता. तीन-चार श्वास टिकला आणि विझला.

व्याह्यांनी कार्डाच्या दोऱ्याची गाठ नखांनी सोडवली. कापली नाही. पुढचं काम मात्र माझ्या एकट्याच्याने होईना. एक गाठ, दोन गाठी, तारा ते जोडत गेले आणि बॅटरी मी धरली. धरणार नाही म्हटलं होतं, पण धरली.

नवं यंत्र गुणी आहे. सांगाल तेच करतं, आणि आवाज तर मुळीच करत नाही. सून खूश आहे. मी दर गुरुवारी जातो. चार वाजले की आम्ही कप खाली ठेवतो. आम्ही दोघं भिंतीकडे कान लावून बसतो. काही होत नाही. मग व्याही उठतात, स्वतःच्या बोटाने सत्तावीस करतात आणि घाम पुसत म्हणतात, "जरा गारठाच वाटतो, नाही?"

मी हो म्हणतो.