राधेच्या अंगातली ठकी

किंचाळणारे पोर बोलते ते खरे असेल, असे तुमच्या मनात कधी आले आहे काय?

आत्याबाईंच्या मनात ते आधी येई. माझ्या सासऱ्यांची ही विधवा बहीण ठाण्याच्या आमच्या घरात दिवसभर राबे. पण पोर रडले की हातातली कळशी खाली ठेवून त्याच्याजवळ बसे. सासूबाई चिडत, "वन्सं, अशानं पोरं डोक्यावर बसतात."

"बसू देत हो. रडणं संपल्याशिवाय त्याला ऐकू कुठे येतंय?"

मी आठव्या वर्षी कल्याणहून या घरात आले. लग्नात तांदळांत नाव लिहून मला राधा केले. मग दिवेलागणीला कोणी "राधे" म्हटले की मी भुईवर अंग टाकी, केस ओढी, ओरडे, "मी राधा नाही! मी ठकी!" माझे माहेरचे नाव यमुना, एवढे सर्वांना ठाऊक होते. ही ठकी कोण?

देवऋषी आला. "कोण आहेस तू?" त्याने दरडावले.

"ठकी."

झाले! खाडीत बुडालेली कोणी ठकी माझ्या अंगात शिरली, असे ठरले. पोटावर डाग द्यायचा म्हणून विळा चुलीत घातला. तो लाल होताना मला दिसत होता. घरातल्या दोघींनी माझे पाय दाबून धरले. आत्याबाई उशाशी येऊन बसल्या.

"उठा वन्सं, तुमचं काय काम इथे?"

त्या उठल्या नाहीत. त्यांनी मला ओरडू दिले. माझा आवाज बसला तेव्हा विचारले, "ठकी कोण म्हणायचं गं तुला?"

"बाबा."

"ऐकलंत वहिनी? बापानं ठेवलेलं लाडकं नाव आहे. पोरीला घर आठवतंय."

"भुतं अशीच लबाड," देवऋषी हसला. सासूबाईंनी विळा उचलला. आत्याबाईंनी माझ्या पोटावर आपला तळहात ठेवला.

"इथे द्या डाग."

विळा निवून काळा पडेपर्यंत कोणी हलले नाही.

पुढे कोणी नसताना त्या मला ठकी म्हणत. गेल्या वर्षी तापाने त्या गेल्या. आता त्या नावाने मला हाक मारणारे कोणी उरले नाही.

आणि आज आमच्या आळीत आणखी एक लहानगी सून किंचाळते आहे. तिच्याकडे देवऋषी येऊन गेला. मी दोनदा गेले. लिहिणारी बाई म्हणून मला दारातूनच परतवले. हे छापून तुमच्या हाती पडेपर्यंत इथे उशीर झालेला असेल. तुमच्या आळीत अजून झालेला नसेल. सुधारणेची सभा उद्या भरवा. आज तुमच्या आळीत जिथे पोर किंचाळते त्या घरी जा, आणि पोरीला डाग लागू देऊ नका.