सगुणाबाईंनी लावलेला दावा

सगुणाबाई गेल्याचा निरोप मला अकोल्याच्या बाजारात मिळाला. भातकुलीकडच्या एका ओळखीच्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "दलालबुवा, तुमच्यावर दावा लावणारी माय गेली." त्याला दुसरीही ओळख सांगता आली असती. अमरावतीबाहेर भातकुलीच्या रस्त्यावर त्यांची वांग्या-मेथीची वाडी होती, आणि त्यांची मेथी सगळं गाव ओळखत होतं. पण गाडीवानाचं चुकलं नाही. लोकांना मित्र शाळेत मिळतात, शेजारात मिळतात. मला हे माणूस समन्सातून मिळालं... त्याला आता महिना होत आला, म्हणून हे लिहायला बसलो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वेड मात्र वऱ्हाडात आम्हाला लागलं होतं. विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आमच्या कापसाला असा भाव चढला की लोकांनी गाद्या उसवून विकल्या. मी पंचविशीतला दलाल, मोडी वाचणारा, म्हणजे आपल्याला कायदाही येतो असं समजणारा. बाजारात जागा उरली नाही तेव्हा मी माझ्या गाड्या कोणाला न विचारता सगुणाबाईंच्या वाडीच्या कडेनं आत घातल्या. चाकांनी विहिरीकडून वाफ्यांकडे जाणारा पाण्याचा पाट फोडला. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वजनकाट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाणी रस्त्यावर चाललंय, वाफे वाळतायत, दोन माणसं द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, "सोन्याच्या भावानं कापूस जात असताना वांगी खातो कोण?" त्या म्हणाल्या, "मंग आज कापसाचं भरीत करा." सगळा बाजार हसला. मी सोडून.

त्यांनी कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून स्टांपावर अर्ज लिहून घेतला आणि तहसीलदारांकडे नुकसानीचा दावा लावला. चपराशी समन्स घेऊन आला तेव्हा मी कापसाच्या ढिगात शिरलो. कागदाला हात लावला नाही तर खटला लागत नाही, असं मला कोणीतरी सांगितलं होतं, आणि मी ते आणखी दहाजणांना सांगितलं होतं. ढिगातून मी दोनदा शिंकलो. चपराशी शहाणा होता, कागद दाराला डकवून गेला. पंधरा दिवस आम्ही घरची सगळी माणसं त्या कागदाखालून वाकून ये-जा करत होतो. तारीख आली आणि गेली. एकतर्फी हुकूम झाला. भरपाई दिली नाही तर काट्याची जप्ती... काट्यावाचून दलाल म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं.

आणि मला वाट दाखवायला आली कोण, तर दावा जिंकलेली बाई. "पैसे घेऊन मी काय करू? मजूर कोठी हायेत? सारे तुमच्याच बोऱ्या भरून राहिले," त्या म्हणाल्या. "मले पाट पाह्यजे बापू. उन्हाळ्याआधी पाह्यजे. कचेरी पाट देत नाई, त्याची किंमत देते. पन दोघं कबूल झालो त सायेब तसं लिहून घेते. तुमी अर्ज द्या, सांगा का समन्स आलं होतं, मी भ्यालो. खरं सांगा, पुन्हा ऐकतेत." मी अर्ज दिला. त्यात लिहिलं की मी चिखलदऱ्याला आजारी होतो. तहसीलदारांनी चपराशाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सायेब, हे कापसात शिंकत होते." मग मी खरं सांगितलं, आणि त्यांनी दावा पुन्हा ऐकायला घेतला.

कचेरी म्हणजे वकिलांचा आखाडा, ही माझी दुसरी समजूतही त्याच सकाळी गेली. वाडी कोणाची, गाड्या कोणाच्या, बाई, तुम्हाला काय पाहिजे, एवढंच विचारलं. सगुणाबाईंनी वाळलेलं वांग्याचं झाड मेजावर ठेवलं. मी कबूल केलं. आठ दिवसांत पाट बांधून द्यायचा, नाहीतर काटा जप्त, असं लिहून त्यांचा अंगठा आणि माझी सही झाली. दुपारच्या आत आम्ही बाहेर होतो.

त्याच संध्याकाळी माझे हमाल जास्त मजुरीसाठी दुसऱ्या दलालाकडे गेले. तेव्हा पाट खणला तो मी. बांधावर बसून बाई फक्त "उतार, बापू, उतार" म्हणत होत्या. पहिल्यांदा मोटेचं पाणी सोडलं तर ते उलटं फिरून विहिरीकडेच आलं. आठव्या दिवशीही एका वळणावर अडत होतं. कचेरीत त्यांच्या मागं उभा राहून मी काट्याचा मनातल्या मनात निरोप घेतला. साहेबांनी विचारलं, पाणी पोचलं का? सगुणाबाई म्हणाल्या, "झाडं वाचली सायेब. पन हा मानूस अजून शिकून राहिला. दोन दिवस द्या त्याले."

कापसाचा भाव पुढे पडला, मी अकोल्याला गेलो, पण दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पाट साफ करायला भातकुलीच्या रस्त्यावर जाणं काही सुटलं नाही. दरम्यान कोणाच्या दाराशी समन्स आलं की तो माणूस सगुणाबाईंकडे धावत असे. त्या अंगठेबहाद्दर, पण सांगणं पक्कं असे. कागद घे, तारखेला जा, ओरडू नको.

परवा गेलो. गाळ काढला, घाम पुसला, मोट जुंपायला सांगितलं. त्यांचा मुलगा नारायण जागचा हलेना. शेवटी म्हणाला, मामा, तुमच्या पाटातून पाणी जाऊन पाच वर्षं झाली. बांधापलीकडून नवा सरळ पाट काढलाय. तुम्ही येता त्या दिवशीच माय इकडं पाणी सोडायला लावायची.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"मी म्हनलं होतं मायले," नारायण म्हणाला. "माय म्हने, नाई सांगायचं. त्याची तारीख चालू राहू दे."

मग त्यानं मोट जुंपली. पाणी आलं, वळणावर अडलं. मी फावड्यानं उतार दिला, आणि निघताना नारायणाकडून पुढच्या वर्षाची तारीख मागून घेतली.