आठ माणसांची पेटी

दारव्ह्याच्या बाजारओळीत जफर मिस्त्रीचं दुकान होतं, आणि तिथे टाकलेला रेडिओ परत मिळालेला माणूस शोधून काढणं जरा जिकिरीचं काम होतं. हात वाईट म्हणावा तर तसंही नाही. हात सोन्याचा होता. अडचण इतकीच की बिघडलेली वस्तू उघडली की ती दुरुस्त करण्याऐवजी तिचं दुसरंच काहीतरी करावं, असं त्याच्या मनात यायचं. एका शाळामास्तरांचा टेपरेकॉर्डर त्याने तीन महिन्यांनी परत केला तेव्हा त्यातून गाणी येत नव्हती, पण दाराला टेकवला की दार उघडताच तो चिमणीसारखा ओरडायचा. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तो दाराला टेकवून ठेवला.

"या माणसाच्या हाती कोंबडी द्या," त्याची बायको मेहनाज शेजारणींना सांगायची, "संध्याकाळी तिचं घड्याळ करून आणेल."

सन दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात या माणसाकडे सदाशिवराव आले. सदाशिवरावांचा ब्रास बँड होता, ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, आणि म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एके काळी त्यांच्यासकट लाल कोट घातलेली अकरा माणसं वरातीत चालायची. कापसाचा भाव पडला, दोन वर्षं लागोपाठ पीक हातचं गेलं, लग्नं पुढे ढकलली गेली, आणि वाजवणारे एकेक करून सुरतेला नाहीतर पुण्याला निघून गेले. उरले तीन. सदाशिवराव, ढोलवाला उकंडा आणि एक ताशावाला. आठ लाल कोट सदाशिवरावांच्या घरी खुंटीवर लटकत होते आणि त्यांच्या खिशांत उंदरांनी संसार थाटला होता.

"जफरमिया," सदाशिवराव म्हणाले, "यवतमाळची धुमाल पार्टी आता इकडंही येऊन राह्यली. त्यायच्याजवळ विकतचा कीबोर्ड हाये. मोठे भोंगे हायेत. आमी तिघं वाजवतो तं लोक म्हणतात, वरात हाये का माकडवाला आला."

"मंग मी काय करू, मास्तर?"

"आठ माणसांचं काम करनारी पेटी कर. अक्षय्य तृतीयेले एक लग्न हाये. तिथं पेटी चालली तं बँड राह्यला. नाई तं मी क्लॅरिनेट पोराच्या पाळण्याले टांगतो."

असं काम जफरला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. दुकानाचं फळकुट लावून तो आत बसला. भजनी मंडळाच्या मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या काढल्या. दारावरच्या घंट्यांमधले, खेळण्यातल्या टेलिफोनमधले सूर वाजवणारे तुकडे काढून जोडले. वर्षानुवर्षं पडून असलेले किती रेडिओ त्या कामी आले, ते त्यांच्या मालकांना न कळलेलंच बरं. पेटी म्हणून मेहनाजच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक वापरली. मेहनाजचे कपडे पोत्यात गेले आणि जफर दोन दिवस उपाशी राहिला. पण पेटी वाजली. मोठ्या कर्ण्याचा खर्ज आणि त्यावरचे भरीचे सूर तिच्यातून आपोआप, एकसारखे निघत राहत. पट्ट्या दाबल्या की वरची चाल उमटे. डोळे मिटून ऐकलं तर खरंच आठ माणसं होती. त्यातली दोन थोडी प्यायलेली वाटायची, पण तीही मूळ बँडमध्ये होतीच.

सदाशिवरावांनी दुकानात बसून चार गाणी अथपासून इतिपर्यंत वाजवून पाहिली. ट्रंक उघडीच होती; गाणं संपलं की जफर आत हात घालून आवाजाची चकती उतरवत न्यायचा. त्यांचे डोळे ओले झाले. मधेच थांबून पाहावं, हे दोघांनाही सुचलं नाही.

लग्नाच्या गावाचं नाव घेत नाही. त्या वर्षी त्या भागातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत एकच गल्ली, आणि त्या गल्लीत पाच घरं अशी की ज्यांतले कर्ते पुरुष वर्षाच्या आत फवारणीचं औषध पिऊन गेलेले. सदाशिवरावांच्या बँडचा एक जुना नियम होता. वर्षाच्या आत मयत झालेल्या घरापुढून वाजवत जायचं नाही. वीस पावलं आधी थांबायचं, मुकाट्याने पुढे जायचं, वीस पावलं टाकून मग सुरू करायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नवरदेवाच्या बापापेक्षा तो मोठा होता. सदाशिवरावांनी हात वर केला की अकरा वाद्यं एकदम गप्प व्हायची. त्यात यंत्राचं काही कामच नव्हतं.

ऊन उतरल्यावर वरात निघाली. हातगाडीवर पेटी, तिच्याशेजारी ट्रॅक्टरची बॅटरी आणि दोन भोंगे. गाडी ढकलायला नवरदेवाचे दोन चुलतभाऊ, आणि पट्ट्यांवर जफर, उंदरांनी कुरतडलेला लाल कोट घालून. पेटीने गल्ली भरून टाकली. म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसल्या. नवरदेवाचा मामा फेटा सांभाळत नाचायला लागला, आणि नाचता नाचता तो पेटीकडे असा बघत होता, जणू ती त्यानेच घडवली होती.

पहिलं घर आलं. सदाशिवरावांनी हात वर केला. ढोल थांबला, ताशा थांबला. जफरने पट्ट्यांवरून बोटं उचलली. खर्ज चालूच राहिला.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की वाजवण्यासाठी लागणारं सगळं आपण पेटीत बसवलं, गप्प होण्यासाठी काहीच नाही. आवाजाची चकती कोणी पोराने फिरवू नये म्हणून ट्रंकेच्या आत, आणि ट्रंकेला कुलूप. हाताशी होती ती फक्त बॅटरीची वायर. त्याने ती ओढली.

पेटी लगेच बंद झाली नाही. आत साठलेली वीज संपेपर्यंत ती वाजत राहिली, आणि वीज उतरेल तसा तिचा आवाज उतरत गेला. वरच्या सुरातून खाली, लांबत, थरथरत, मधेच अडखळत. भोंगे मोठे होते. एखादी बाई छाती पिटून टाहो फोडते आणि मग तिचा दम संपत जातो, अगदी तसा तो आवाज होता. सात-आठ सेकंद असेल. सगळ्या गावाला ऐकू गेला.

त्या गावाला तो आवाज ओळखीचा होता. गेल्या वर्षात त्यांनी तो पाच वेळा ऐकला होता.

आधी मागच्या आळीतली दारं वाजली. मग बाया पळत आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेला पोर. "कोनाचं गेलं?" कोणी थांबून उत्तर ऐकेना. वरातीत नाचणाऱ्या माणसांना त्यांच्या बायका दंडाला धरून चाचपायला लागल्या. ज्यांचा माणूस वरातीत नव्हता त्या उलट्या घरी पळाल्या, मागचा गोठा, धान्याची खोली, औषधाच्या डब्याची जागा बघायला. नवरदेवाचा मामा फेटा काखेत घेऊन, भावाला हाका मारत शेताकडे सुटला. नवरदेव घोड्यावर एकटाच राहिला, आणि त्यालाही कोणी सांगेना की काय झालं.

जफर दोन्ही हात वर करून ओरडत होता, "मशीन होतं, माय. मशीन होतं." कोणी ऐकत नव्हतं.

गाव मोजून व्हायला अर्धा तास लागला. सगळे जिवंत होते. मग लोक हळूहळू परत आले, आणि आता त्यांना जफरकडे बघायला सवड होती. मारलं कोणी नाही. मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. मामा परत आला तो घामाने निथळत. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, ते झाकून टाका." पेटीवर गोणपाट टाकलं. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा त्याच्यापुढे काहीही वाजत नव्हतं, आणि पंगतीत वाढलेली बुंदी पानात तशीच राहिली.

त्यानंतर सदाशिवराव दुकानाकडे फिरकले नाहीत. जफरने पेटी उघडली. एक खटका आणि दोन सुटे भाग बसवायचे होते; अर्ध्या तासाचं काम. खटका दाबला की आता पेटी कापल्यासारखी गप्प व्हायची. तो दिवसभर ती वाजवायचा आणि गप्प करायचा, वाजवायचा आणि गप्प करायचा.

"आधी गप्प होत नव्हती म्हनून रडले," मेहनाज म्हणाली, "आता गप्प होते म्हनून बसले." पण तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि ट्रंकेचा विषय काढला नाही.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दुकानापुढे एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. कपाळ मोकळं होतं.

"पेटीवाले भाऊ तुमीच काय?"

"हो, बाई."

"मी धुरपता. त्या गल्लीतलं तिसरं घर माहं."

जफर उठून उभा राहिला. त्याने जे येत होतं ते केलं. पेटी सुरू केली आणि खटका दाबला. "पाहा. आता होत नाई तसं. नीट केलं मी."

धुरपताबाईने पेटीकडे पाहिलं. "त्या दिवशी आवाज आला तं मी कापसाच्या पराटीच्या वावरात होती," ती म्हणाली. "तशीच धावली. काटे रुतले तरी धावली. घरात शिरली, गोठा पाह्यला, औषधाचा डबा पाह्यला. मंग ध्यानात आलं का मी कोनाले पाहून राह्यली? माहा मानूस तं दिवाळीतच गेलता."

जफरने खटक्यावरचा हात काढून घेतला.

"तुमी वाईट केलं असं नाई म्हनत, भाऊ. तुमाले काय मालूम. पन आता ते कितीबी नीट केलं तरी आमाले ते थांबलं का मागून रडनंच ऐकू येईन. आमच्या गावात आनू नका, एवढंच सांगाले आली."

"नाई आननार."

"आन् हे मास्तरले सांगू नका. म्हातारा मानूस हाये." ती बाजारात निघून गेली.

जफरने त्याच दिवशी ट्रंक रिकामी केली. हार्मोनियमच्या पट्ट्या भजनी मंडळाला परत गेल्या, आणि दारव्ह्यातल्या तीन-चार लोकांना त्यांचे रेडिओ चक्क वाजते मिळाले. ते आजही कोणाला खरं वाटत नाही. संध्याकाळी तो सदाशिवरावांच्या घरी गेला. ते ओट्यावर क्लॅरिनेट पुसत बसले होते.

"मास्तर, आता तिघंच?"

"एक लग्न हाये सोमवारी. तिघायले बोलावलं. नंतरचं मालूम नाई."

"चौथा येऊ का?"

"तुले काय वाजवता येते?"

काहीच येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. जफरने घरी जाऊन पावडरच्या जुन्या डब्यात सायकलचे छर्रे भरले आणि त्याला दांडी लावून खुळखुळा केला. सोमवारी तो लाल कोट घालून सगळ्यांच्या मागे उभा राहिला. गाव दुसरं होतं, पण त्याही गल्लीत तशी घरं होती. पहिल्या घराच्या अलीकडे सदाशिवरावांनी हात वर केला. क्लॅरिनेट थांबली, ढोल थांबला, ताशा थांबला. पाऊल उचललं की खुळखुळा थोडा वाजायचाच. म्हणून जफरने तो दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला, आणि त्या घरापुढून तो पाय जमिनीवरून न उचलता, इंच इंच सरकत गेला.