दादानं मारलेली खाच

दादा गेला हे सांगायला वाईहून वहिनींचा फोन आला, तेव्हा मी काय विचारावं? "कोण म्हणतं?" वहिनी बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो शालूताई, डॉक्टर म्हणताहेत... आणि मी त्यांच्या उशाशीच बसलेय." आता याला काय म्हणावं! पण आमचं घराणंच तसं. ऐकलेल्या गोष्टीवर पटकन विश्वास ठेवणाऱ्याला आमच्याकडे भोळसट म्हणतात. वडील दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय गवळ्याला जाऊ देत नसत. दादा तर त्यांच्याही वरचा. फरक एवढाच, की तो जमिनीवर संशय घ्यायचा आणि मी त्याच्यावर.

वाईला पोचले तर दारात ही गर्दी. ज्यांचे बांधकामाचे नकाशे दादानं आयुष्यभर परत पाठवले, तेच लोक "देवमाणूस हो, देवमाणूस" म्हणत डोळे पुसत होते. मी मनात म्हटलं, व्वा रे! जिवंतपणी याच माणसाला तुम्ही आडमुठा म्हणत होता, ते काय मला ठाऊक नाही? रडू मात्र मलाही आवरेना. दादाच्या चपला दाराशी नेहमीसारख्या बोटं बाहेर करून ठेवलेल्या होत्या, आत्ता घालून निघेल अशा. त्या बघितल्या आणि मी तिथंच बसकण मारली.

दादा नगररचना खात्यात होता, अर्धी नोकरी साताऱ्यात आणि अर्धी सांगलीत. शहर कुठं वाढू द्यायचं, कुठं अडवायचं, हे नकाशावर रंगवायचं त्याचं काम. पिवळा रंग म्हणजे घरं बांधा, हिरवा म्हणजे हात लावू नका. सांगलीत हे काम म्हणजे सुळावरची पोळी. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला उसाचं काळं रान, पलीकडं कुपवडचे कारखाने. मधे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळ्यांनाच घर हवं. मग लोक ओढे बुजवतात, नदीकाठच्या मळीच्या, गाळाच्या रानात भराव टाकतात आणि वर पाटी लावतात 'निसर्गरम्य प्लॉट'. दादा ती पाटी वाचून मोठ्यांदा हसायचा. "निसर्गरम्य खरंच आहे गं. पावसाळ्यात नदी स्वतः भेटायला येते."

त्याची कामाची एक रीत होती. प्लॉट बघायला गेला की मालकाला काही विचारायचाच नाही. आधी चौकशी करायची, या माणसाचं भांडण कुणाशी आहे? मग बांधाला बांध लागून असलेल्या त्या भांडखोर शेजाऱ्याकडं जाऊन चहा प्यायचा. एकदा मी बरोबर होते. शेजारचा म्हातारा हरखूनच गेला. "आवं सायेब, त्येनं तुमास्नी कोरडं रान दावलं व्हय? हितं म्हस बुडती की! आमी तवा झाडावर बसून हुतो!" परत येताना दादा म्हणाला, "जमिनीची खरी माहिती मालक देत नाही, भांडलेला शेजारी देतो. पण त्यातलंही निम्मंच धरायचं. तो भांडलेला आहे ना!" असा हा माणूस. आणि याच्या धाकट्या बहिणीनं त्याच्यावर संशय घेतला तर तेवढा बोभाटा!

आता मुद्द्यावर येते. सांगलीतलं नदीकडच्या गल्लीतलं घर वडिलांनी आम्हा दोघांच्या नावावर केलं, पण राहिले मीच. शाळेतली नोकरी, माझ्या मुलाचं, मिलिंदचं लहानपण, त्याच्या वडिलांचं आजारपण, सगळं तिथंच. तो मोठा पूर आला तेव्हा आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर मी चिखल उपसत घरात शिरले, तेव्हा भिंतीवर गाळाची रेघ होती, खिडकीच्या गजांच्या खालच्या टोकाशी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मग पदर खोचला आणि भिंती धुवून काढल्या. दादा आला त्यानंतर. त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि पुढच्या खोलीतल्या भिंतीवर चांगली हातभर लांब खाच मारली. मी बघितलेल्या रेघेच्या वर, चांगली वीतभर.

"एवढं नव्हतं रे पाणी," मी म्हटलं.

"होतं."

"मी इथं होते! तू साताऱ्यात होतास!"

"तू वरच्या मजल्यावर होतीस," दादा म्हणाला आणि खाचेतली धूळ फुंकून काढू लागला.

गल्लीत सगळ्यांनी पुराची खूण रंगानं केली होती, आमच्याच घरात ही जखम. रंगानं का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "लग्नकार्य निघालं की घर रंगवतात. जुनी खूण पुसली जाते. मग आठवणीनं नवी काढतात, छातीपर्यंत होतं, कमरेपर्यंत होतं... रंगाच्या प्रत्येक हाताबरोबर पूर खाली उतरतो बघ. आणखी दोन लग्नं झाली की या गल्लीत पूर आलाच नव्हता." गोष्ट खरी निघाली. पुढं शेजारच्यांची खूण मुलाच्या लग्नानंतर दाराच्या कडीवरून कडीखाली आली, आणि कुणाला पत्ता नव्हता.

पण माझ्या मनातला किडा काही जाईना. घराला गिऱ्हाईक मिळू नये, ते विकलं जाऊ नये म्हणून तर यानं खाच वर मारली नाही? त्याचंही नाव होतं ना घरावर! गेल्या वर्षी मिलिंदनं घर पाडून तिथं इमारत बांधायचं ठरवलं, तेव्हा तर तो किडा वळवळायला लागला. माझे गुडघे गेलेत. मला तळमजल्यावरच, अंगणालगत खोली हवी होती, तुळशीला पाणी घालता येईल अशी. बिल्डर खाच बघून डोकं खाजवत म्हणाला, "बाई, पाणी जर इथवर येत असेल तर खाली कुणाला राहता यायचं नाही. खाली नुसत्या गाड्या, घरं सगळी वर. थोडं खाली असतं तर जोतं उंच करून भागलं असतं." मी दादाला फोन केला. "खरं सांग, खाच वर मारलीस ना?" तर हा म्हणतो, "लिफ्ट असते गं आता." हे काय उत्तर झालं? मी फोन आपटला. त्यानंतर आमचं धड बोलणं झालं नाही... आणि मग वहिनींचा तो फोन.

तेराव्यानंतर परत आले आणि ठरवलं, छडा लावायचाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे. पुजाऱ्यानं पाणी उभं असतानाच होडीतून येऊन देवळाच्या दगडी खांबावर छिन्नीनं खूण केली होती. ती तरी खोटी नसणार. शिवा गवंड्याला बोलावलं. त्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, लेव्हल बघायची. एक टोक देवळाच्या खुणेशी धरलं, दुसरं पुढं ओढत, टप्प्याटप्प्यानं, आमच्या घरात आणलं. नळीतलं पाणी हललं, डचमळलं, थांबलं. गजांच्या खालच्या टोकाशी! दादाच्या खाचेपासून वीतभर खाली.

"बाई, ही खाच चुकलीया जनू," शिवा म्हणाला.

मी टाळीच वाजवली. बघा! म्हटलं होतं ना मी! इतकी वर्षं जपलेला संशय खरा निघाला, आणि सांगायला दादाच नाही. मी तशीच भिंतीला टेकून बसले. खोटारडा, मेला खोटारडा... आणि मग मला हुंदकाच फुटला. कारण त्याला आम्ही माहीत होतो. आम्ही पुसणार, आम्ही विसरणार, आम्ही प्रत्येक रंगाबरोबर पूर खाली उतरवणार, हे धरूनच त्यानं खाच मारली होती. आलेल्या पाण्यासाठी नव्हेच ती, पुढं येणाऱ्या पाण्यासाठी. या माणसानं नदीवर संशय घेतला, आमच्यावर घेतला, आणि माझ्यावरही. मला खाली राहायचा मोह होणार, हे त्याला तेव्हाच कळलं असेल का? विचारायचं राहिलं.

संध्याकाळी मिलिंद आला. "आई, बिल्डर विचारतोय. पाणी नक्की कुठवर आलं होतं? खाली तुझी खोली होते का बघू." हातात होतं माझ्या. गजांकडं बोट दाखवलं असतं तर अंगण मिळालं असतं, तुळस मिळाली असती. आणि ते खरंच होतं.

"मामानं खाच मारलीय ना? त्याच्याखाली कुणी राहायचं नाही," मी म्हटलं. "तुळस गच्चीत ठेवू."

मिलिंद माझ्याकडं संशयानं बघायला लागला. घराण्याचा गुण, दुसरं काय!

पुढच्या महिन्यात घर पाडतील. भिंतीबरोबर खाचही जाणार. फाटकाचा दगडी खांब तेवढा राहणार आहे, म्हणून काल शिवाला पुन्हा बोलावलं. त्यानं नळी दादाच्या खाचेला लावली, दुसरं टोक खांबाशी नेलं, खडूची रेघ ओढली आणि छिन्नी टेकवून विचारलं, "हितंच मारू न्हवं, बाई?"

मी खांबावरून हात फिरवला. म्हटलं, "चार बोटं वर घे."